केबल हलवून बघ ना जरा

"केबल हलवून बघ ना जरा." हे वाक्य आपल्याकडच्या चारचाकी गाड्यांत "सीटबेल्ट लाव"पेक्षा जास्त वेळा बोललं जात असणार. गाणं मध्येच थांबतं, किंवा मॅप गायब होऊन स्टिरिओवर एकदम रेडिओ सुरू होतो, आणि ड्रायव्हरचा डावा हात आपोआप गिअरच्या पुढच्या त्या खाचेकडे जातो. केबल हलवली की चालू. पाच किलोमीटरवर पुन्हा बंद. मग फोन रिस्टार्ट होतो, केबल बदलली जाते, पेट्रोल पंपावर गाडी बंद करून चालू केली जाते, आणि शेवटी मागच्या सीटवरून कुणीतरी "जाऊ दे रे, ब्लूटूथ लाव" म्हणतं. विषय संपला.

माझं म्हणणं असं की हा विषय इतक्या स्वस्तात संपवू नये. एक तर या केबलवर आता नुसती गाणी चालत नाहीत, रस्ता चालतो. एक्सप्रेसवेवर ताशी शंभरच्या वेगाने जाताना आपण एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जातो. केबल चाचपायची, हलवायची, स्क्रीनकडे बघून "आलं का?" हे ठरवायचं, याला तीन सेकंद धरले तरी ऐंशीपेक्षा जास्त मीटर गाडी जवळपास आंधळी चालते. गाडी चालवताना फोन हातात धरणं २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर 'धोकादायक ड्रायव्हिंग'मध्ये मोडतं. केबल हलवणं त्यात कुठे लिहिलेलं नाही, पण हात आणि डोळे दोन्ही तिथेच गेलेले असतात की! दुसरं कारण पैशाचं, त्याच्याकडे येतोच.

आधी थोडं यूएसबीविषयी. यूएसबीची पहिली आवृत्ती आली जानेवारी १९९६ मध्ये. कल्पना काय, तर टेबलावरचा कॉम्प्युटर, त्याला कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, आणि प्रत्येकाची मागची पिन वेगळी. ती सगळी जत्रा एका प्रकारच्या सॉकेटमध्ये आणायची. इंटेलमध्ये हे काम पुढे नेणाऱ्यांमध्ये अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले (म्हणजे गायकवाडांच्या गावचे, तेवढाच आपला अभिमान). पिन उलटसुलट कशीही बसावी असं का केलं नाही, याचं उत्तर त्यांनी २०१९ साली एका मुलाखतीत दिलं होतं : तसं केलं असतं तर वायरी आणि सर्किट दुप्पट झालं असतं, आणि खर्चही वाढला असता. टेबलावरच्या वस्तूसाठी हा हिशोब अगदी बरोबर होता. टेबल खड्ड्यातून जात नाही.

गाडीचं बॉनेट उघडून किंवा डॅशबोर्डचं पॅनल काढून कुठलाही कनेक्टर बघा. प्रत्येकाला प्लॅस्टिकची खिट्टी असते. 'टक' असा आवाज आल्याशिवाय तो बसत नाही आणि खिट्टी दाबल्याशिवाय निघत नाही. गाडी बनवणाऱ्यांना पक्कं माहीत आहे की हादरणाऱ्या वस्तूत नुसत्या घर्षणावर भरवसा ठेवायचा नसतो. आणि याच लोकांनी आपल्यासमोर काय ठेवलंय? दोन पातळ पत्र्याच्या स्प्रिंगांनी धरून ठेवलेली पिन, तिला लोंबणारी एक मीटर केबल, आणि केबलच्या टोकाला दोनशे ग्रॅमचा फोन. साध्या, चौकोनी टाइप-ए पिनेची किमान अपेक्षा १,५०० वेळा घालण्या-काढण्याची आहे. ऑफिसला जाताना एकदा आणि येताना एकदा धरलं तर साधारण दोन वर्षं. टाइप-सीची अपेक्षा १०,००० ची आहे, ती बरीच बरी, पण रस्त्यात असताना सतत बसणारे बारीक हादरे या आकड्यांत मोजलेलेच नाहीत. दोन धातू एकमेकांवर केसाएवढे घासत राहिले की मुलामा झिजतो, खालचा धातू हवेत गंजतो आणि त्याची भुकटी मध्येच साचते. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर दमट, खारी हवा त्यात हातभार लावते. केबल हलवल्यावर 'चालू होतं' ते यामुळेच : तुम्ही ती भुकटी पाच मिनिटांसाठी खरवडलेली असते.

आता माझा सगळ्यात आवडता तपशील. टाइप-ए पिनेत चार पट्ट्या असतात. बाहेरच्या दोन वीज देणाऱ्या, आतल्या दोन डेटाच्या. बाहेरच्या दोन मुद्दाम थोड्या लांब केलेल्या आहेत, म्हणजे पिन आत जाताना आधी वीज जोडली जाईल आणि मग डेटा. उलट बघा : पिन सैल होऊन मिलिमीटरभर बाहेर सरकली तर आधी काय तुटेल? डेटा. वीज चालूच. "चार्जिंग होतंय, म्हणजे केबल चांगली आहे, स्टिरिओच गंडलाय" हा जो आपल्याकडे सर्वमान्य निष्कर्ष आहे, त्याला त्यामुळे काडीचाही आधार नाही. चार्जिंग चालू असणं एवढंच सांगतं की चारपैकी दोन वायरी जिवंत आहेत. शिवाय बाजारात फक्त दोनच वायरी असलेल्या, निव्वळ चार्जिंगच्या केबलीही सर्रास मिळतात, दिसायला अगदी सारख्या. घरातल्या ड्रॉवरमध्ये तशा दोन-तीन तरी निघतीलच, आणि गाडीत न्यायला नेमकी तीच हाताला लागते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक गोष्ट ऑफिसात रोज करावी लागते : बग नेमका कुठे आहे हे न कळल्यास मधोमध कापायचं आणि कोणत्या अर्ध्यात आहे ते बघायचं. इथेही तेच चालतं. फोन, केबल, समोरचं सॉकेट, सॉकेटपासून स्टिरिओपर्यंत डॅशबोर्डच्या आतून गेलेली दुसरी केबल (ही असते हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं), आणि स्टिरिओ. मधोमध म्हणजे समोरचं सॉकेट. तिथे एक साधा, आखूड पेन ड्राइव्ह लावा, त्यात तास-दीड तासाची गाणी भरा आणि नेहमीच्या खराब रस्त्यावरून जा. गाणी अखंड वाजली तर सॉकेट, आतली केबल, स्टिरिओ यांच्यावरचा संशय बराच कमी झाला, आणि फोन-केबलकडे वळायचं. पेन ड्राइव्हही तुटत असेल तर नव्या केबलींवर एक रुपयाही घालवू नका. दुसऱ्या अर्ध्यासाठी फोन त्याच केबलने घरी लॅपटॉपला लावा, दोन-तीन जीबीची फाइल कॉपी करायला टाका आणि ती चालू असताना दोन्ही टोकं हळूच हलवा. कॉपी तुटली तर चोर सापडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पथ्य पाळलं तर हे सगळं एका वीकेंडचं काम आहे. (पेन ड्राइव्ह हलका असतो, त्यामुळे ढिलं सॉकेट त्याला कधीकधी सांभाळून घेतं, तेवढी मेख लक्षात ठेवा.)

त्याआधी एक प्रश्न मात्र विचारायचाच : "कधी?" मेकॅनिककडे आपण "यूएसबी चालत नाही" म्हणून जातो. पण 'चालत नाही' ही काही तक्रार नव्हे. स्पीडब्रेकरवर तुटतं का? मग यांत्रिक. गाडी सुरू करताना तुटतं का? मग ते बहुतेक वेळा बिघाड नसतोच. स्टार्टर फिरतो तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज झपकन खाली येतो, आणि बऱ्याच गाड्यांत किल्ली त्या क्षणापुरती स्टिरिओसारख्या गोष्टींची वीज तोडूनच टाकते. स्टिरिओ नव्याने उठतो, फोन गोंधळतो. इंजिन सुरू झाल्यावर केबल लावा, झालं. उन्हात उभी केलेली गाडी काढल्यावर पहिली वीस मिनिटंच त्रास होतो का? मग उष्णता. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून बघा, हा मुद्दा लगेच पटेल. आणि दर वेळी ठराविक वेळाने, रस्ता कसाही असो, तुटत असेल तर फोनमधलं सॉफ्टवेअर : बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनच ॲपला झोपवतो.

आयफोनवाल्यांसाठी एक वेगळीच गंमत. २०१८ मध्ये आलेल्या आयओएस ११.४.१ पासून फोन तासाभराहून जास्त वेळ लॉक राहिला असेल तर त्याचं पोर्ट डेटा द्यायला नकार देऊ शकतं, चोरांपासून आणि इतर उपद्रवी मंडळींपासून संरक्षण म्हणून. मीटिंग संपवून, लॉक असलेला फोन गाडीला लावला की "काल तर चालत होतं!" होतं. लावण्याआधी अनलॉक करा.

आणि फोनचं भोक! माफ करा, पण याला दुसरा शब्द नाही. जीन्सच्या खिशात वर्षभर राहिलेल्या फोनच्या पोर्टमध्ये कापसाचा जो नमदा तयार होतो, तो प्रत्येक वेळी पिन घालताना आणखी आत ठासला जातो. पिन आत गेल्यासारखी वाटते, पण शेवटचा अर्धा मिलिमीटर राहिलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन यातलं काहीही नको. मी आजवर लोकांच्या जितक्या 'खराब केबली' पाहिल्यात, त्यातल्या बऱ्याच अशा टूथपिकने दुरुस्त झाल्या.

केबलच्या लांबीविषयी थोडं. "मागच्या सीटपर्यंत पोचली पाहिजे" म्हणून लोक दोन-दोन मीटरच्या केबली घेतात. स्वस्त केबलीत वीज वाहणारी तार बहुधा २८ गेजची असते. एका मीटरला तिचा रोध सुमारे ०.२१ ओहम. जायची एक, यायची एक, म्हणजे मीटरभर केबलीत ०.४ ओहमच्या वर. फोनने एक अँपिअर ओढला की पाच व्होल्टमधले ०.४ वाटेतच गेले. दोन मीटरला दुप्पट. २४ गेजची जाड तार असेल तर हेच नुकसान निम्म्याहून कमी. त्यातून जुन्या स्टिरिओचं पोर्ट मुळात अर्धाच अँपिअर द्यायला बांधील असतं, मॅप आणि स्क्रीन चालू असताना फोनला तेवढं पुरत नाही. म्हणून 'चार्जिंगला' लावलेला फोन लोणावळ्यापर्यंत ६० टक्क्यांचा ५० वर येतो. उपाय कंटाळवाणा आहे : अर्ध्या ते एक मीटरची, जाड तारेची, डेटा चालणारी केबल. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर चारपाचशेत उत्तम मिळते, आणि तिच्यावर सोनेरी रंग किंवा कापडी वेणी नसली तरी काही बिघडत नाही.

पेन ड्राइव्हवाल्यांचं दुःख वेगळंच. त्यांचं कनेक्शन बहुधा ठीक असतं, पण स्टिरिओ 'रीडिंग' म्हणत बसतो आणि हे पिन काढ-घाल करत बसतात. नवे ६४ किंवा १२८ जीबीचे ड्राइव्ह येतात एक्सफॅटमध्ये, जुन्या स्टिरिओंना कळतं फक्त फॅट३२. विंडोजची साधी फॉरमॅट खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ देतच नव्हती, त्यामुळे लोकांची समजूत झाली की मोठा ड्राइव्ह गाडीत चालतच नाही. मॅकवरून गाणी भरली तर प्रत्येक गाण्यासोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल जाते. स्टिरिओ भाबडेपणाने तीही वाजवायला जातो आणि अडकतो. आजोबांसाठी भरलेला नाट्यसंगीताचा फोल्डर चौकोन-चौकोन दाखवत असेल तर त्या स्टिरिओत देवनागरी फाँट नाही, एवढंच. आणि ज्यांचा स्टिरिओ दहा-पंधरा वर्षं जुना आहे, त्यांना फोनमधली गाणी केबलने दिसतच नसतील तर तेही स्वाभाविक आहे. २०११ च्या सुमारास अँड्रॉइड फोनांनी पेन ड्राइव्हसारखं वागणं सोडून दुसरी पद्धत धरली, आणि त्या स्टिरिओंना ती शिकवलेलीच नाही. त्यावर कुठलीही केबल चालणार नाही.

आता पैशाचं. नाशिकच्या माझ्या एका मित्राच्या गाडीत मॅप सारखा तुटायचा. सर्व्हिस सेंटरने आधी त्याला 'ओरिजिनल' म्हणून दोन केबली विकल्या, मग सांगितलं, "सर, युनिट बदलावं लागेल," आणि अठ्ठावीस हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. पठ्ठ्याने मला फोन केला. म्हटलं, अरे, आधी पेन ड्राइव्ह लाव आणि द्वारका चौकातून चार चकरा मार. पेन ड्राइव्हही तुटला, आणि तुटला तो फक्त खड्ड्यांवर. म्हणजे फोन सुटला, केबल सुटली, आणि रस्त्याशी संबंध असल्यामुळे युनिटच्या आतल्या सर्किटवरचा संशयही कमी झाला. गाड्यांना ॲक्सेसरीज बसवणाऱ्या एका साध्या दुकानात त्याने गिअरजवळचं पॅनल उघडायला लावलं. सॉकेटच्या मागचा कनेक्टर अर्धवट बसलेला होता, खिट्टी लागलेलीच नव्हती. त्या मुलाने अंगठ्याने दाबला, 'टक' झालं. दोनशे रुपये.

सर्व्हिस सेंटरचा माणूस बदमाश होता असं मला वाटत नाही, आणि हेच जास्त त्रासदायक आहे. त्याच्याकडे बघायला काही नव्हतंच. स्क्रीनवर काय येतं? "यूएसबी डिव्हाइस नाही." बस्स. एवढ्या माहितीवर कुणीही अख्खं युनिटच बदलायला सांगेल.

खरं तर माहिती असते. यूएसबीवर जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पुडक्यासोबत तपासणीचा आकडा जातो. तो जुळला नाही तर पुडकं पुन्हा मागवलं जातं. सलग तीनदा फसलं की मग स्टिरिओकडचा कंट्रोलर हात टेकतो. म्हणजे केबल मरायला लागल्यावर तुम्हाला काही कळण्याच्या कितीतरी आधीपासून आत 'पुन्हा पाठव, पुन्हा पाठव' चालू असतं. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर अशी मरतुकडी केबल लावून कर्नलचा लॉग उघडा : उणे ७१, उणे ११० असे एररचे आकडे धडाधड पडताना दिसतील. पहिला म्हणजे संभाषणाचा नियम मोडला, दुसरा म्हणजे वाट बघून थकलो. आजच्या किती तरी स्टिरिओंच्या आत लिनक्स किंवा अँड्रॉइडच धावत असतं. म्हणजे तोच लॉग तिथेही लिहिला जात असणार, आणि पुसलाही जात असणार.

जुना ऑक्सचा जॅक होता तेव्हा तो खरखरायचा. कॅसेट रडायची. आवाज बिघडत बिघडत जायचा आणि आपल्याला आठवडाभर आधी कळायचं की वायर गेली. डिजिटल जोडणी शेवटपर्यंत हसतमुख राहते आणि मग एकदम कोसळते. त्यातून अँड्रॉइड ऑटोसारख्या गोष्टींत फोन आधी साधा फोन म्हणून ओळख देतो, मग वेश बदलून दुसऱ्यांदा ओळख देतो, त्यामुळे क्षणभराचा तुटलेला संपर्क पुन्हा जुळायला कितीतरी सेकंद जातात. नेमका त्याच वेळी फाटा मागे जातो.

यावर "वायरलेस घे" हा सल्ला हमखास मिळतो. छोटा डोंगल लावायचा, फोन खिशात. मी त्याच्या अगदी विरोधात नाही. डोंगल हलका असतो, कुणी ओढत नाही, एकदा बसला की बसला. पण तोही त्याच सॉकेटला लटकतो, त्याच आतल्या केबलवर चालतो. माझ्या नाशिककर मित्राने डोंगल घेतला असता तर तोही द्वारका चौकात पडलाच असता. आणि फोन दिवसभर वाय-फायवर मॅप पाठवत तापतो, संपतो, मग चार्जिंगला केबल लागतेच.

मला हवंय ते फार नाही. सेटिंगमध्ये एक पान, ज्यावर लिहिलेलं असेल : आज यूएसबी किती वेळा तुटली, किती वाजता, तेव्हा वीज चालू होती की गेली होती, आणि किती पुडकी दुसऱ्यांदा मागवावी लागली. चार आकडे. हे लिहायला एका इंजिनिअरला आठवडाही लागणार नाही (टेस्टिंग धरून दोन म्हणा). आणि ते सॉकेट आतल्या केबलसकट सुटा पार्ट म्हणून, छापील किमतीसह मिळावं. बल्ब मिळतो, वायपर मिळतं, तसंच.

तोवर एक करता येईल. नवी गाडी बघायला शोरूममध्ये जाल तेव्हा स्वतःची केबल घेऊन जा. मायलेज विचारून झालं की फोन लावा आणि टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत हायवेवर नेण्याऐवजी मागच्या खोदलेल्या गल्लीतून काढा. मग सॉकेट कुठे आहे, फोन ठेवल्यावर केबलला ताण बसतो का, पाणी सांडलं तर थेट त्यातच जाईल का, हे बघा आणि ते बदलायला किती लागतील ते विचारा. शेजारी बसलेला सेल्समन "पण सर, ब्लूटूथ आहे ना" म्हणेल. म्हणू दे.